रिकाम्या गावात वाजलेली घंटा

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बेळगावच्या पश्चिमेला तळ्याकाठच्या एका गावात मी भुताचा साक्षीदार म्हणून प्रसिद्ध आहे. "शिकलेल्या मास्तरानं सोताच्या कानानं ऐकलंय," असं तिथली माणसं पाहुण्यारावळ्यांना सांगायची, आणि मी समोर असलो तर मला मान डोलवावी लागायची. कित्येक वर्षं मी ती डोलवली. का डोलवली हे आता सांगायला हरकत नाही. त्या गोष्टीचा ज्यांना जाच झाला असता, त्यातलं कुणी आता उरलेलं नाही.

आमचं घर शहापुरात, विणकरांच्या आळीत. वडील आणि अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, मागावर बसायचे. मी चार बुकं शिकलो आणि बेळगावातल्या एका शाळेत मास्तर झालो. दिवसरात्र मागाची खटखट ऐकत वाढल्यामुळे असेल, मला शांततेची विलक्षण ओढ होती. हाती पैसा आल्याबरोबर मी सायकल घेतली. कँपातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून. सायकलीबरोबर त्याचे जुने बूटही पदरात पडले. ते मला मोठे व्हायचे, पण पुढे कापूस कोंबून मी ते ऐटीत घालायचो. धोतरावर बूट! वडील म्हणायचे, "बुटात मास्तर हाय का मास्तरात बूट, काय कळंना झालंय."

दर रविवारी सकाळी मी एक फेरी मारायचो. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात सायकल घेऊन उगाच रानात हिंडणारा माणूस आमच्या भागात एक तर वेडा ठरायचा नाहीतर पोलिसाचा माणूस. मला दोन्ही म्हणून झालं होतं. शहापुरातून निघून कँप ओलांडायचा, उचगाव मागे टाकायचं, की भातशेतं लागायची आणि मग पहिलं तळं. तळ्याच्या बांधावरून सायकल चालवत गेलं की खाली ते गाव. गाव ओलांडून वेशीतून बाहेर पडलं की आमराई, मग रान. ऐन, किंदळ, जांभूळ यांची अशी दाटी की भर दुपारी रस्त्यावर उन्हाचे नुसते तुकडे पडलेले असायचे. रानातून बाहेर आलं की दुसरं तळं, त्याच्या काठावरची छोटी वाडी, आणि तिथून वळसा घेत परत बेळगाव. इतकी देखणी वाट मी पुढे कुठे पाहिली नाही. ती वाट माझ्या बापजाद्यांची असावी असा मी वागायचो.

या वाटेवर माझे दोन शत्रू होते. एक म्हणजे गावातली कुत्री. सायकल दिसली की आळीआळीतून धावून यायची आणि वेशीपर्यंत पोचवायला यायची. दुसरा शत्रू म्हणजे खुद्द सायकलीची घंटा. साहेबी घंटा ती, देवळातल्या घंटेशी बरोबरी करील असा आवाज, आणि आतली कमान सैल झाल्यामुळे खड्ड्यातून गेलं की आपली आपण वाजायची. गावातल्या बाया हसायच्या आणि म्हणायच्या, "आली मास्तरांची पालखी!"

त्या वेळी शाळेला कसलीशी सुट्टी पडली होती, म्हणून नेहमीचा रविवार सोडून मी मंगळवारी निघालो. थंडीचे दिवस होते. धुकं इतकं की बांधावर आलो तरी तळं दिसेना. पाणी उजव्या हाताला आहे हे फक्त गारव्यावरून कळत होतं. बांधावरून उतरून मागच्या पाणंदीनं गावात शिरलो आणि सवयीनं पाय वर घेतले, कारण पहिलं कुत्रं तिथल्या कोपऱ्यावर असायचं.

कुत्रं आलं नाही. पुढच्या वळणावरचंही आलं नाही. मी मनात म्हटलं, गारठलीत लेकाची. मग ध्यानात आलं की कोंबडाही आरवत नाही. गोठ्यात दावी लोंबत होती पण जनावर नव्हतं. एकाही छपरातून धूर निघत नव्हता. गावात सकाळच्या वेळी चुलीच्या धुराचा वास नाही म्हणजे काय, हे तिथं वावरलेल्यालाच कळेल. प्रत्येक दाराला बाहेरून कडी, आणि प्रत्येक कडीत लिंबाची डहाळी खोचलेली. विहिरीच्या रहाटाचा दोर काढून नेलेला. अंगणात उखळ होतं, त्यावर मुसळ आडवं टाकलेलं. घरं धडधाकट, अंगणं झाडलेली, आणि माणूस एक नाही.

प्लेगाच्या दिवसांत गावं ओस पडायची ते मी लहानपणी पाहिलं होतं. पण तेव्हा घाईत पळालेल्या गावाची दशा वेगळी असायची. हे गाव आवरून, झाडून, शहाण्यासारखं रिकामं केलेलं होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी सायकलीवरून उतरलो. का उतरलो ते सांगता येत नाही. बसून जाणं उद्धटपणाचं वाटलं.

सायकल हातात धरून चाललो होतो तेव्हा मूल रडलं.

अगदी कोवळं रडणं. मांजर नव्हे, मांजराचा आवाज मला कळतो. डाव्या हाताला एक मोठं घर होतं, त्याच्या दारालाही कडी होती आणि डहाळी होती, आणि रडणं त्या कडी घातलेल्या दाराआडून येत होतं. मी दोन पावलं मागे सरलो. तरी मास्तर असल्यामुळे मी मास्तरासारखा दरडावून बोललो, "कोण आहे आत?" रडणं चालूच राहिलं. बोट आपसूक घंटेवर गेलं आणि मी ती एकदा जोरात वाजवली.

रडणं थांबलं. मुलं हळूहळू हुंदके देत थांबतात, तसं नव्हे. मध्येच तुटलं.

त्यानंतर मी फार धीराचा होतो असं सांगितलं तर खोटं होईल. मी सायकल ढकलत वेशीकडे सुटलो. वेशीत पोचलो तर तिथं बोराट्या आडव्या टाकून काट्यांचं कुंपण घातलेलं, वर लिंबाचं तोरण. शेताला कुंपण घालतात ते बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून. हे कुंपण घालणारे लोक बाहेर होते आणि मी आत होतो. सायकल डोक्यावर घेऊन मी त्या काट्यांतून पार झालो. धोतराची चिंधी तिथंच राहिली.

आमराईत पोचलो आणि जीव भांड्यात पडला. अख्खं गाव तिथं होतं. झाडाखाली चुली पेटलेल्या, गाडे सोडलेले, म्हशी, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी, पोरं झोक्यावर. माझे शत्रू, ती सगळी कुत्री, गाड्यांखाली बांधलेली. मला पाहून ती एकसाथ भुंकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं भुंकणं गोड वाटलं.

मग उलगडा झाला. देवीच्या जत्रेआधी हे गाव एक दिवस बाहेर पडतं. कानडी बोलणारे त्याला होरबीडू म्हणतात. पहाटे देवीची पालखी माणसांना बाहेर घालते, मग वेस बांधतात, आणि दिवसभर गावात देवी एकटी फिरते. इडापिडा झाडून काढते. चूल नाही, दिवा नाही, जीव म्हणून आत काही ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर काटे काढायचे. तोवर आत जे राहिलं, ते तिचं. माणूस राहिलं तर माणूस तिचं.

मी वेशीच्या आतून आलो हे कळल्यावर पोरं झोक्यावरून उतरून लांब झाली. पालखीबरोबर चालणाऱ्या एका पोक्त बाईनं मला झाडाखाली बसवलं, कपाळभर भंडारा फासला आणि बजावलं, "पानी पिऊ नगासा हितलं. तसंच जावा."

"पण आत मूल रडतंय," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी आपापली पोरं मोजली, कुणी नावं घेऊन हाका मारल्या. सगळी होती.

"ते दर येळी रडतंय," ती बाई शांतपणे म्हणाली. "आमच्या सासूनं ऐकलंतं. तुमी वळून बघिटलं न्हाय न्हवं?"

"कडी घातलेलं मोठं घर, डाव्या अंगाला," मी म्हटलं.

यावर एक दुसरी बाई हसली. ते घर तिचंच होतं. "मास्तर, आमच्या घरात बाळंतीण हुती खरी, माझी सून. पर सुवेरातली बाई द्येवीसंगं कशी आणायची? तिचा भाऊ पहाटंच घिऊन गेला तिला, पल्याडच्या तळ्यावर. दाराला कडी माझ्या थोरल्यानंच घातली." तिच्या बोलण्यात शंकेचा लवलेश नव्हता. तिचा धाकटा लेक, म्हणजे त्या सुनेचा नवरा, मिरजेला रेल्वेत कामाला होता, तोही तिथं नव्हता.

मी उठून सायकल हातात घेतली. एवढी माणसं, आणि एकाच्याही मनात संशय नाही. माझ्याही नाही उरला. म्हणजे असं की मूल नव्हतं, आणि तरीही मी रडणं ऐकलं होतं. भंडारा फासलेल्या कपाळानं मी रानाच्या रस्त्याला लागलो.

त्या रानातून मी शेकडो वेळा गेलो होतो. त्या दिवशी ते मला अनोळखी वाटलं. धुकं झाडांच्या शेंड्यांत अडकून राहिलं होतं आणि पानांवरून पाणी टपटपत होतं. सायकल खड्ड्यातून गेली की घंटा आपली आपण वाजे आणि प्रत्येक वेळी मी दचकून पाय टेकवे. शेवटी मी रुमाल काढून तिच्याभोवती गच्च आवळून बांधला. मग दुसराच त्रास सुरू झाला. घंटा गप्प झाल्यावर ते मध्येच तुटलेलं रडणं कानात पुन्हा पुन्हा यायला लागलं. भूत असेल तर ते रडायचं मध्येच का थांबवील? त्याला कुणाची भीती? एवढा एक प्रश्न माझ्या मास्तरी डोक्यात अडकला आणि निघेना.

दुसरं तळं लागलं. वाडीच्या तोंडाशी एक तरणा गडी बैलांना पाणी दाखवत होता. मी त्याच्याकडे पाणी मागितलं, तांब्याभर प्यालो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पलीकडच्या गावची एक बाळंतीण भावाकडे आलीय म्हणे इथं?"

"भाऊ मीच," तो म्हणाला. "पर ती हितं न्हाय. सासरच्यांनीच न्हेलं तिला आपल्यासंगं."

माझ्या हातातला तांब्या मी नीट खाली ठेवला, एवढं आठवतं. "तुला कुणी सांगितलं?"

"मी गेलतो की गाडी घिऊन पहाटं. वेस बांधून झालीती. काट्यापाशी राखणीला गावचा एक म्हातारा हुता, त्यो म्हणाला, आत कोण न्हाय, समदी गेली. मला शीव वलांडता येत न्हाय, बाहेरच्या गावचा माणूस मी. आलो माघारी." एवढं बोलून तो थांबला. माझ्या कपाळावरचा भंडारा त्यानं आता पाहिला. "का, मास्तर?"

मी सांगितलं. कडी, डहाळी, रडणं, घंटा, सगळं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. सासूनं पहाटे पालखीबरोबर जाताना सुनेला सांगितलं असणार, भाऊ येईल, तोवर पडून राहा. थोरल्या दिराला वाटलं ती मागल्या दारानं भावाबरोबर गेली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस डोकावणार कसा? त्यानं कडी घातली. भावाला वाटलं सासरच्यांनी नेली. प्रत्येकानं आपापला रिवाज चोख पाळला होता, आणि एक बाई दहा दिवसांचंही नसलेलं लेकरू घेऊन आत कोंडली गेली होती.

तो गडी सायकलीवर कधी बसला नव्हता. पुढच्या दांडीवर त्याला बसवून मी माझ्या त्या लाडक्या वाटेनं उलटा सुटलो. वाटेत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ती वरडायची न्हाय, मास्तर. ती वरडायचीच न्हाय." मला ते नीट कळलं नाही आणि विचारण्याइतका श्वासही नव्हता. रान कधी संपलं ते समजलं नाही. आमराई टाळून आम्ही शेतांतून आडवे गेलो, बांधाला लागलो, आणि पुन्हा त्या पाणंदीपाशी आलो. शिवेच्या दगडापाशी तो खाली उतरला, दगडाला हात जोडला आणि मग पाय उचलून पलीकडे टाकला. मला आजही वाटतं, त्या एका पावलाला माझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा जास्त धीर लागला.

आता धुकं विरलं होतं. स्वच्छ ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात ते गाव सकाळपेक्षा भयाण दिसत होतं. घराशी आलो. आत चिडीचूप. त्यानं डहाळी काढली, कडी काढली, माजघरात गेलो. बाळंतिणीच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं.

"आक्का," तो म्हणाला.

काही नाही.

"आक्का, मी हाय गं. दार उघड."

दाराआड काहीतरी हललं, कापड सरकल्यासारखं. मग पुन्हा शांतता. ती आत होती आणि उत्तर देत नव्हती. त्याची ती वाटेतली बडबड मला तेव्हा समजली. त्या गावात लग्न होऊन आलेल्या प्रत्येक पोरीला पहिली गोष्ट सांगतात ती ही, की बाहेर पडण्याच्या दिवशी चुकून कुणी आत राहिलंच, तर आवाज करायचा नाही. हाक आली तर ओ द्यायची नाही. ती हाक ओळखीच्याच माणसाच्या आवाजात येते. भावाच्या आवाजात तर नक्कीच येते.

त्यानं दार ठोठावलं, रडला, आईची शपथ घातली, लहानपणीची काहीबाही आठवण काढली. जितकी ओळख पटवावी तितकी तिची भीती वाढत असणार. मी दाराला खांदा लावायला पुढे झालो तेव्हा त्यानं मला मागे ओढलं. "तिच्याजवळ विळा हाय. उशाखाली असतोय बाळंतिणीच्या. आपुन आत गेलो तर ती आपल्यावर तरी घालंल, न्हायतर..." पुढचं तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

अखेर आतून आवाज आला. इतका बारीक की मी श्वास रोखला. "पाय दावा."

भुताचे पाय उलटे असतात. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्या खोलीला परसाच्या बाजूला हातभर उंचीचा झरोका होता. भाऊ धावत परसात गेला, उन्हात उभा राहिला, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि एकेक पाऊल पुढे टाकून दाखवलं. मग पाठमोरा होऊन टाचा दाखवल्या. झरोक्याच्या अंधारात दोन डोळे दिसले.

"आनि दुसरा?" ती म्हणाली.

दुसरा म्हणजे मी. माझ्या पायांत साहेबाचे बूट होते, आणि ती चकाकणारी लांबडी खुरं तिला कशी दिसली असतील ते देव जाणे. मी खाली बसलो. घाईत नाडीची गाठ आवळली गेली. एरवी वर्गात पोरांना हसणारा मी, त्या परसात बूट ओढत लोळत होतो. बूट निघाले, कोंबलेला कापूस निघाला, मोजे निघाले. अनवाणी उभा राहून मी माझी दहाही बोटं त्या झरोक्याला दाखवली. मला हसू आलं नाही. त्या क्षणी माझे पाय सुलटे आहेत याची माझी मलाच खात्री करून घ्यावीशी वाटत होती.

आतली कडी निघाली. भाऊ आत गेला आणि लेकरू घेऊन धावत उन्हात आला. लेकरू मुलगी होती. मान टाकलेली, ओठ काळेनिळे. पदराचा बोळा तिच्या तोंडावर किती वेळ होता, तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. सकाळी दाराशी घंटा वाजली, पुरुषाच्या आवाजात कुणीतरी "कोण आहे आत" म्हणून विचारलं, तेव्हापासून ती माउली लेकरू जरा कण्हलं की त्याचं तोंड दाबत होती. ते वाचावं म्हणून. तापानं ती फणफणली होती आणि दाराला धरून उभी होती, हातात विळा तसाच.

भावानं पोरीला पालथी धरली, पाठ चोळली, तळपाय चोळले, तोंडावर फुंकर घातली. मी देवाला मानत नाही, तरी त्या परसात मी कुणाची तरी विनवणी करत होतो. बऱ्याच वेळानं तिला उचकी लागली. मग ती रडली. त्या मोकळ्या गावात, मोठ्यानं, कुणी न दाबता. आम्ही तिघंही तिच्याबरोबर रडलो.

बैलगाडी आणायला तो परत धावला. तो येईपर्यंत मी त्या दोघींची राखण करत अंगणात बसून राहिलो, अनवाणीच. बूट घालायचा धीर झाला नाही, ती पुन्हा घाबरली असती. गाडी बांधाखाली उभी करून आम्ही दोघींना तिथवर नेलं. मग तो पुन्हा घरात गेला. खोली पहिल्यासारखी केली, दाराला कडी घातली, डहाळी खोचली. आम्ही आलोच नव्हतो असं सगळं झालं.

"मास्तर," तो मला म्हणाला, "कुणापाशी बोलायचं न्हाय. दोघी पहाटंपासनं माझ्याकडंच हुत्या. काट्यापाशच्या म्हाताऱ्यानं इचारलं तर म्हणीन, माघारी जाताना वाटंत गावल्या. आत राहिली हे कळलं तर पोर द्येवीची झाली म्हणतील. सोडतील तिला द्येवीला. लगीन न्हाय, घर न्हाय. जलमभर दारोदार." त्या बाजूला देवीला सोडलेल्या मुलींचं पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

म्हणून मी मान डोलवत राहिलो. फेरी सोडली नाही, फक्त घंटेवरचा तो रुमाल कायमचा ठेवला. आमराईत बसलेल्या बाया मला थांबवून विचारायच्या, "मास्तर, तुमी ऐकलंतं न्हवं?" आणि भुताखेतांची टर उडवणारा मी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचो, "ऐकलं होतं बाई." सगळ्यांत जास्त कौतुकानं ऐकायची ती त्या मुलीची आजी. नात तिच्या मांडीवर बसलेली असायची आणि ती नातीला सांगायची, आपल्या घरात भूत रडतंय, मास्तरला इचार. पोर माझ्याकडे डोळे विस्फारून बघायची. तिची आई चुलीपाशी खाली मान घालून भाकरी थापत राहायची.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. सूत मिळेनासं झालं होतं, अण्णांचा माग निम्मा दिवस बंद असायचा. एका दुपारी त्या मायलेकी शहापुरात आमच्या घरी आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं, लुगडं घ्यायचं होतं. मामाही बरोबर होता, केस पिकलेला. मुलगी आईहून उंच झाली होती आणि बोलायला थांबत नव्हती. अण्णांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं उलगडलं, तिनं ते खांद्यावर घेतलं, आणि मी उगाच चष्मा पुसायला लागलो. कुणाची कसली दृष्ट न लागता ही पोर नवऱ्याच्या घरी चालली होती. मला माझी मुलगी उजवल्याइतका आनंद झाला, आणि तो मी लपवलाही नाही.

तेवढ्यात आळीतून कुणीतरी सायकलीवरून गेलं. खणखणीत घंटा वाजली.

आईचा हात उठला आणि मुलीच्या तोंडावर जाऊन घट्ट बसला. बोलता बोलता मुलीचं वाक्य मध्येच तुटलं. मी ते तुटणं ओळखलं. 

मुलीनं हसत तो हात बाजूला केला. "आईचं ह्ये असंच, मास्तर. सायकल आली की माझं तोंड दाबतीया. लहानपणापास्नं. कुणी इचारलं तर सांगत बी न्हाय."

मामा खाली बघायला लागला. मी त्या बाईकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणालो, "वहिनी, ती घंटा माझीच होती. त्या दिवशी. भावानं सांगितलं असेल तुम्हाला."

"व्हय की, मास्तर," ती म्हणाली. तिनं आपला उजवा हात डाव्या हातात धरून मांडीवर ठेवला होता. तो अजून थरथरत होता. "मला कवाच ठावं झालंय. ह्या हाताला ठावं न्हाय."